पाच लाल

"लाल म्हणजे कोणता लाल, काका?"

ऋजुता लाटकरनं माझा मजकूर टेबलावरून परत माझ्याकडे सरकवला. चौथ्यांदा.

"लाल म्हणजे लाल," मी म्हणालो. "रक्तासारखा."

"पहिल्या बाटलीलाही रक्तासारखा लिहिलंय. तिसरीलाही तेच. पाचवीला 'ताज्या रक्तासारखा'. बायकांना नेलपॉलिश घ्यायचंय, पंचनामा नाही करायचा."

मागच्या टेबलावर दोघी हसल्या. मी कागद उचलला आणि जागेवर येऊन बसलो. माझं वय तेव्हा त्रेपन्न. सांगलीतल्या त्या दैनिकात बावीस वर्षं मी गुन्हेवृत्त केलेलं. खून, दरोडे, विहिरीत सापडलेली प्रेतं. मग एका बातमीवरून वकिलाची नोटीस आली, आणि संपादक म्हणाले, "रेडेकर, थोडे दिवस पुरवणीत बसा. प्रकरण थंड होऊ दे." त्या थोड्या दिवसांना वर्ष होत आलं होतं. पुरवणी दर गुरुवारची, बायकांची. तिची प्रमुख पुण्याहून आलेली अठ्ठावीस वर्षांची ऋजुता. ती मला काका म्हणायची, मी तिला मॅडम म्हणायचो, आणि दोघांनाही त्याचा त्रास व्हायचा.

शहरात सौंदर्यप्रसाधनांचं एक मोठं दालन नवीन सुरू झालं होतं. त्यांनी एक खोका पाठवला होता. त्यात पाच परदेशी नेलपॉलिश, पाचही लाल, आणि डोळ्यांच्या पापण्यांना लावायच्या रंगांची बारा खणांची एक पेटी. अशा वस्तू वापरून बघायचं सदर नेहमी लिहिणारी मुलगी बाळंतपणाला माहेरी गेलेली. म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

"वेबसाइटवर बघून लिहू का?" मी विचारलं होतं.

"नाही. प्रत्यक्ष लावून. रंग कसा दिसतो, पोत कसा आहे, किती दिवस टिकतो. लोक आपल्यावर विश्वास ठेवून वस्तू घेतात, काका."

"पण लावायचं कुणाच्या नखांना?"

मागच्या दोघींनी मान खाली घातली. एक म्हणाली तिला वासानं शिंका येतात. दुसरी स्पष्टच म्हणाली, "माझी नखं पेपरच्या मालकीची नाहीत." ऋजुताची स्वतःची नखं दातांनी पार कुरतडलेली होती. ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

"तुमची नखं चांगली आहेत," ती म्हणाली.

तर असा मी. डाव्या हाताच्या पाच नखांवर पाच लाल रंग, आणि शर्टाच्या बाहीखाली कोपरापर्यंत बारा पट्टे ओढलेले. भाजी घ्यायला गेलो तर मेथीवाली पैसे घेता घेता थांबली, माझ्या बोटांकडे बघितलं, मग तोंडाकडे बघितलं आणि एक जुडी जास्त घातली. तिला काय वाटलं असेल ते मला अजून माहीत नाही.

लावण्याचा प्रकार तर विचारूच नका. पहिल्या दिवशी मी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतःच लावायला घेतलं. ब्रश नखावर कमी आणि कातडीवर जास्त. नखाच्या कडेला थेंब साचायचे. वाळलं असं समजून पेपर उचलला तर अंगठ्यावर अग्रलेखाची दोन अक्षरं उमटली.

"द्या इकडं," शालन म्हणाली. माझी बायको. तिनं माझा हात ओढून घेतला, जसा लहान मुलाचा घेतात तसा. "अहो, बोट ताठ धरा की. आणि श्वास कशाला रोखलाय?"

"वास येतोय."

"ऑफिसातल्या त्या दोघी एकीकडं आणि तुम्ही एकीकडं. एवढी नाटकं त्या पण करत नसतील."

मी हात तसाच पुढे धरून ठेवला, कारण ती लावत होती ते नीट बसत होतं.

पण लिहायचं काय? पाचही मला सारखेच. मी खिडकीत गेलो, ट्यूबलाइटखाली बघितलं, भिंग घेतलं. फार तर दुसरी बाटली थोडी चमकत होती आणि तिसरी अजिबात चमकत नव्हती, रंग दिलेल्या पत्र्यासारखी निर्जीव. डोळ्यांच्या रंगांचं तसंच. बारापैकी सात तपकिरी. काही बोटाला लोण्यासारखे लागायचे, काही खडूसारखे भुरभुरायचे आणि टेबलावर सांडायचे. हे सगळं मी प्रामाणिकपणे लिहून नेलं. ऋजुतानं त्यातलं लोणी आणि खडू तेवढं ठेवलं, बाकी सगळं खोडलं.

"सात तपकिरी असं कसं लिहिता? कंपनीनं सात वेगळे खण कशाला केले असते?"

"विकायला. दुसरं काय?"

"काका, तुम्ही बघत नाही आहात. तुम्ही आधी ठरवता आणि मग बघता."

हे मात्र मला लागलं. बावीस वर्षं घटनास्थळी जाऊन बघणाऱ्या माणसाला, जिनं आयुष्यात एक प्रेत बघितलं नाही अशी मुलगी सांगते, की तुम्ही बघत नाही. मी कागद घेतला आणि त्या दिवशी चार वाजताच घरी निघून आलो.

शालन पापडांचं पीठ कुटत होती. मी तिच्यासमोर हात आपटला.

"सांग तूच. यातला कोणता लाल कोणता?"

"म्हणजे?"

"म्हणजे हा अंगठ्याचा कसा, याचा कसा. मला नाही कळत. पण मॅडम म्हणते कळायला पाहिजे."

शालननं हात पुसले. माझा पंजा उजेडात धरला आणि एकदाच बघितलं. पुन्हा बघायची तिला गरजच पडली नाही.

"अंगठ्याचं कुंकू. हे डाळिंबाचे दाणे, पाणी मारल्यासारखी चमक आहे बघा. मधलं टोमॅटोचं, त्यात केशरी झाक आहे, मला नाही आवडत. करंगळी म्हणजे माझा लग्नातला शालू, आत्ता विटलाय तसा. आणि हे," तिनं अनामिका दाबली, "याला लाल म्हणतंय कोण? हे बिटाच्या सालीगत आहे."

मी हात मागे घेतला.

"काय झालं?"

"परत म्हण."

"बिटाच्या सालीगत. का ओ?"

मी उठलो आणि आतल्या खोलीत गेलो. माळ्यावर माझ्या जुन्या वह्यांची पिशवी होती. गुन्हेवृत्ताच्या वह्या मी कधीच टाकल्या नाहीत, कोर्टात कधी लागतील सांगता येत नाही. स्टूल घेऊन पिशवी काढली, जमिनीवर ओतली आणि मागच्या वर्षीची मार्चची वही शोधली.

तो अपघात सांगली-कुपवाड रस्त्यावरचा. संध्याकाळी सायकलवरून जाणाऱ्या एका निवृत्त मास्तरांना मोटरसायकलनं उडवलं. मास्तर जागीच गेले, गाडीवाला पळाला. मी अर्ध्या तासात तिथं पोचलो होतो. बघणारी एकच होती, रस्त्याच्या कडेला कणसं भाजणारी बाई. तिच्याशी मी दहा मिनिटं बोललो आणि लिहून घेतलं.

वहीत माझ्याच अक्षरात होतं: *कणीसवाली. गाडी लाल, बिटाच्या सालीगत. लई गडद. पोरगं बारीक.*

आणि छापलेलं कात्रण त्याच पानात घडी घालून ठेवलेलं होतं. त्यात होतं: *लालभडक मोटरसायकलस्वाराचा शोध सुरू.*

भडक हा शब्द मी घातला होता. कुणी सांगितला नव्हता. मथळ्यात बसत होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुपवाडला एका चहाच्या टपरीजवळ आठ-दहा जणांनी महावीर चौगुले नावाच्या तरुणाला धरलं. त्याची गाडी लालभडक होती आणि पुढचं मडगार्ड चेपलेलं होतं. ते दिवाळीत चेपलेलं, पण ऐकतो कोण? त्याला मारलं आणि मग पोलिसांच्या ताब्यात दिलं. दोन दिवस तो चौकीत होता. आम्ही चार कॉलमी बातमी केली, नावासकट. आठ दिवसांनी खरा माणूस सापडला. त्याची गाडी गडद, मरून रंगाची होती. महावीर सुटल्याची बातमी आम्ही सातव्या पानावर दोन ओळीत दिली, त्यात नावही घातलं नाही. त्याच्या आईनं वकिलाकडून पाठवलेली नोटीस आली ती नंतर.

वर्षभर मी सगळ्यांना एकच सांगत होतो. मारलं लोकांनी, धरलं पोलिसांनी, मी फक्त सांगितलं ते लिहिलं. संपादकांना हेच सांगितलं, वकिलाला हेच, शालनला हेच. मला ते खरंही वाटत होतं. वही मी एकदाही उघडून बघितली नव्हती.

शालन दारात उभी होती. मी तिच्यापुढे वही धरली. तिनं वाचलं, कात्रण वाचलं, आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

"जाऊन सांगा त्याला," एवढंच म्हणाली आणि पिठाकडे गेली.

आधी मी ऋजुताला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे काका, होतं असं. तिनं तसं काही म्हटलं नाही. वही दोनदा वाचली.

"हे छापलं पाहिजे," ती म्हणाली.

"संपादक छापणार नाहीत. वकिलाला विचारतील, वकील नको म्हणेल."

"पुरवणीची पानं मी लावते. आणि गुरुवारची पुरवणी सर शुक्रवारी वाचतात." तिनं नख तोंडात घातलं, मग काढलं. "पण आधी त्याला विचारा. नाव त्याचं आहे."

महावीरचं वर्कशॉप कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये होतं. जळालेल्या विजेच्या मोटारींना तांब्याची तार पुन्हा भरून देण्याचं काम. मी गेलो तेव्हा तो स्टुलावर बसून तार गुंडाळत होता. तिशीचा असेल. भुवईवर टाके पडल्याची खूण होती.

"कुठली मोटार आहे?" त्यानं वर न बघता विचारलं.

"मोटार नाही. मी रेडेकर. पेपरातला."

त्याचे हात थांबले. मग पुन्हा सुरू झाले.

"बोला."

मी बोललो. उभ्यानंच सगळं सांगितलं, वही काढून दाखवली. तो वहीकडे बघत नव्हता, माझ्या डाव्या हाताकडे बघत होता.

"हे काय लावलंय?"

"कामाचा भाग आहे."

"चांगली कामं देतात तुम्हाला." त्यानं तार तोडली. "मग आता काय पायजे?"

"खुलासा छापायचाय. तुमच्या नावासकट. चूक माझी होती असं स्पष्ट."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" तो एकदम उठला. "वर्ष झालं. आत्ता कुठं माणसं विसरलीत. गिऱ्हाईक यायला लागलंय. तुम्ही परत नाव छापणार, परत सगळी विचारणार, कोण रे हा, तोच का तो? आधी छापून वाट लावली, आता छापून काय नीट करताय? काही छापू नका. जावा."

मी वही मिटली. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. मी जायला वळलो.

"थांबा," तो म्हणाला. खूप वैतागल्यासारखा, माझ्यावर आणि स्वतःवरही. "आमच्या वडिलांना सांगता का?"

"काय?"

"हेच. वहीतलं. सूतगिरणीत होते ते. तीस वर्षं तुमचाच पेपर वाचतात. त्यांना वाटतंय गाडी मीच घातली आणि आईनं पैसे चारून मला सोडवलं. पेपरात आलं होतं ना. मी सांगून दमलो, आई सांगून दमली. दुसरा माणूस सापडला म्हटलं, तर म्हणतात, मग त्याचं नाव मोठ्यानं का नाही आलं? घरात आहेत, बोलतात सगळ्यांशी. माझ्याशी बोलत नाहीत."

घर शेडच्या मागंच होतं. आप्पा चौगुले बाहेरच्या खोलीत कॉटवर बसले होते. मांडीवर आमचाच पेपर. मी नाव सांगितल्यावर ते उठायला लागले.

"रेडेकर? गुन्हेवृत्ताचे? बसा, बसा. तुमचं नाव रोज बघायचो. अलीकडं दिसत नाही." त्यांनी आत चहा सांगितला. महावीर दाराशी उभा राहिला, आत आला नाही.

त्या माणसानं मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी वही उघडली, ओळ वाचून दाखवली. कात्रण दाखवलं. कणीसवाली बाई काय म्हणाली आणि मी काय लिहिलं ते सांगितलं. त्यांनी दोन्ही कागद भिंगाखाली धरले, बराच वेळ.

"पण पेपरात भडक आहे," ते म्हणाले.

"ते मी घातलं."

"का?"

बावीस वर्षांत मी कितीतरी माणसांना हा प्रश्न विचारला होता. का केलंस? बहुतेक जण खाली बघायचे. मीही खाली बघितलं.

"चांगलं दिसतं म्हणून," मी म्हणालो. "मथळ्यात."

चहा आला. कुणी कप उचलला नाही.

"तुम्ही भले माणूस दिसता," आप्पा शेवटी म्हणाले. "पण हे तुम्ही इथं बसून सांगताय. पोराच्या शब्दावर आला असाल, मला काय माहीत? खरं असेल तर छापा."

"आप्पा!" महावीर दारातून ओरडला. "माणूस वही घेऊन आलाय समोर! अजून काय पायजे तुम्हाला?"

आप्पा त्याच्याकडे वळले नाहीत. मलाच म्हणाले, "तो माझा मुलगा आहे. तो असंच सांगणार."

महावीरनं दाराच्या चौकटीवर हात मारला. "छापा ओ," तो मला म्हणाला. "छापा एकदा. काय व्हायचं ते होऊ दे. मी नाही आता यांना सांगत."

त्याच दुपारी ऑफिसात बसून मी लिहिलं. पाचही लाल शालनच्या शब्दांत उतरवले: कुंकू, डाळिंबाचे दाणे, टोमॅटो, विटलेला शालू, बिटाची साल. कोणता दोन दिवसांत टोकाला सुटतो, कोणता पाच दिवस भांडी घासूनही टिकतो तेही लिहिलं. भांडी मी खरंच घासली होती. सात तपकिरी पुन्हा बघितले तेव्हा त्यात दालचिनी होती, ओली माती होती, जुना गूळ होता, आणि दोन खरोखरच सारखे होते. तेही तसंच लिहिलं. शेवटी एक परिच्छेद. मागच्या मार्चमध्ये एका साक्षीदार बाईनं गाडीचा रंग बिटाच्या सालीसारखा सांगितला होता; मी तो लालभडक असा छापला; त्यामुळे ज्यांचा त्या अपघाताशी काहीही संबंध नव्हता त्या महावीर चौगुले यांना मार खावा लागला आणि दोन दिवस कोठडीत काढावे लागले; चूक सर्वस्वी माझी. खाली माझं पूर्ण नाव.

ऋजुतानं वाचलं. पेन हातात होतं, पण एकही शब्द खोडला नाही.

"दोन तपकिरी सारखे आहेत हे दालनवाल्यांना आवडणार नाही," ती म्हणाली.

"काढू का?"

"नको."

पुरवणी गुरुवारी आली. शुक्रवारी संपादकांनी आम्हा दोघांना बोलावलं. दार बंद करून ते अर्धा तास बोलत होते. ऋजुताला लेखी समज मिळाली. दालनाची जाहिरात बंद झाली. मला सांगण्यात आलं की गुन्हेवृत्ताचा विचार आता सोडून द्या, आणि मी निवृत्त होईपर्यंत पुरवणीतच राहिलो. सात वर्षं. ऋजुता दोन वर्षांत पुण्याला परत गेली. जाताना मला म्हणाली, काका, तुमचा मजकूर आता हात न लावता छापायला जातो. मी म्हणालो, मॅडम, उगाच चढवू नका.

पण त्या आठवड्यात मला त्यातल्या कशाचीच पर्वा नव्हती. मी फोनची वाट बघत होतो. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी मी शालनवर दोनदा ओरडलो, कारण ती फोनवर बहिणीशी बोलत होती. रविवारी सकाळी फोन वाजला.

"चौगुले बोलतोय," महावीर म्हणाला. मागं मशीनचा आवाज होता. रविवारीही शेड उघडी होती. "म्हाताऱ्यानं वाचलं."

"काय म्हणाले?"

"गुरुवारी काही नाही. शुक्रवारी परत काढून वाचलं, आईला वाचायला दिलं. काही बोलले नाहीत. मी म्हटलं, झालं, एवढं करून पण नाहीच." तो थांबला. मशीनचा आवाज बंद झाला. "काल जेवायला बसलो होतो. आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, चौकीत दोन दिवस तुला जेवायला काय दिलं होतं रे?"

"मग? तुम्ही काय सांगितलं?"

"दोन दिवसांत एकदाच दिलं होतं. तोंड सुजलेलं, खाता येत नव्हतं." त्यानं घसा साफ केला. "मी म्हटलं, आप्पा, वरण-भात होता. चांगला होता."